थोडे आणखी घातले तर

घरात मोटार येणे हा आपल्याकडे अजूनही एक मंगल प्रसंग मानला जातो. पाडव्याचा मुहूर्त, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि पेढ्यांचा पुडा, एवढे झाले की सोहळा पुरा. परंतु या सोहळ्याआधी एक परीक्षा असते, आणि ती बुद्धीपेक्षा शीलाची अधिक असते. मोटार कोणती, हे एकदाचे ठरते. पण तिची कोणती पायरी घ्यावी, हे ठरता ठरत नाही. मारुतीची स्विफ्टच घ्या. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लस! सांगाडा तोच, इंजिन तेच. मात्र किमतीच्या शिडीवर तिची रूपे अनेक.

या शिडीची रचना मोठी मार्मिक आहे. प्रत्येक पायरी लगतच्या पायरीशीच ताडून पाहिली जाते. "थोडे आणखी घातले तर" हे चार शब्द ऐकले की मनुष्य वर सरकतो, आणि तेथे पोचताच तेच चार शब्द पुन्हा कानी पडतात. किमतीतला फरक कर्जाच्या हप्त्यांत वाटला की तो चहापाण्याच्या खर्चाएवढा दिसू लागतो. शिवाय खालच्या प्रतीला आपले खालचेपण लपवू दिलेले नसते. दाराच्या मुठी काळ्या, चाके साध्या लोखंडाची. आणि चालकासमोर एखाद्या बटणाची जागा असते, पण बटण नसते. तेथे एक काळे झाकण बसविलेले असते. गाडी उत्तम धावत असते, पण डोळा जातो तो त्या झाकणावर.

यावर कोणी म्हणेल, "समाधान माना आणि सर्वांत खालची पायरी घ्या, म्हणजे झाले!" उपदेश सोपा आहे; पण तो नेहमीच नीतीचा होता असे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात जीव वाचविणारी एअरबॅग आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये वरच्याच पायरीवर मिळे. अलॉय चाकांच्या शेजारी, जणू तीही एक शोभेची वस्तू! २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान मोटारींच्या खालच्या प्रती ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यांतल्याच फोक्सवॅगन पोलोची दोन एअरबॅग असलेली प्रत आदळविली, तेव्हा चार तारे मिळाले. मोटार तीच, पत्रा तोच. शून्य आणि चार यांमध्ये खरेदीदाराचा खिसा उभा होता.

पैसे मोजणारा एक असतो. मागे बसणारी आई, मुले, शेजाऱ्यांचा नातू यांना कोणी विचारलेले नसते. ब्रेक तर रस्त्याने चालणाऱ्या परक्या माणसासाठीही असतात. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या काटकसरीला साधी राहणी म्हणता येत नाही.

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. सुरक्षितता सक्तीची केली की किंमत वाढते, आणि स्कूटरवर चौघांना नेणारा गृहस्थ स्कूटरवरच राहतो. त्याला एअरबॅग नसलेली मोटारही वरदानच नव्हे काय? आहे खरे. परंतु काटकसर करायचीच, तर आधी चमक कापावी, मग सोय, आणि जिवाला हात लावण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी. आपली शिडी उलटी रचलेली होती.

कायद्याने ती हळूहळू सरळ केली. १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ मध्ये शेजारच्या आसनापुढचीही. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये तर सहा एअरबॅग सर्व पायऱ्यांवर सारख्याच देण्यात आल्या.

आता उरलेली निवड हलक्या मनाने करता येते. ठेंगण्या माणसाला रस्ता नीट दिसावा म्हणून वरखाली होणारे आसन, किंवा कोकणच्या पावसात मागच्या उभ्या काचेवर उडणारा चिखल पुसणारा वायपर, या गोष्टी ज्याला लागतात त्याला विचारून घ्याव्यात. बाकीची शोभा. ती घेण्यात पाप नाही; आकाशकंदिलाच्या उजेडात कोणी हिशेब लिहीत नाही, तरी तो आपण हौसेने लावतोच. फक्त हौसेला गरज म्हणू नये, म्हणजे हप्ता भरताना मन स्वच्छ राहते.

आणि एक वस्तू अशी आहे, की ती सर्वांत खालच्या पायरीवरही मिळते आणि तिच्यासाठी थोडेही आणखी घालावे लागत नाही. ती म्हणजे मागच्या आसनावरचा पट्टा. तो लावणे कायद्यानेही बंधनकारक आहे. वरच्या पायरीसाठी महिनाभर खल करणाऱ्या घरांतही तो बहुधा गादीच्या फटीत दडपलेला असतो. यंदा फराळाची पाहुणचारयात्रा निघेल, तेव्हा तेवढा बाहेर काढावा.