3.4 मायक्रॉनची खाच आणि दासोपंतांची पासोडी

लातूरजवळच्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, पंचीकरण लिहून काढले: पाच भूतांच्या मिश्रणाचा वेदान्ती सिद्धान्त. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा वाटा त्याचा स्वतःचा, उरलेल्या चारांचा प्रत्येकी एक अष्टमांश. याच मिश्रणाचा देह आणि याच मिश्रणाचे जग, असा तो हिशेब. अंतराळात कार्बनी रेणू सापडल्याची बातमी आली की लातूर-नांदेडकडच्या कीर्तनांत काय, व्याख्यानमालांत काय, एक निष्कर्ष सहज निघू शकतो: जीवनाचे घटक आकाशात आहेत, म्हणजे चैतन्य सर्वत्र भरले आहे हे विज्ञानानेच मान्य केले. या निष्कर्षाने विज्ञानावर अन्याय होतोच, पण दासोपंतांवर त्याहून जास्त होतो.

पुरावा नेमका काय आहे? अवरक्त प्रकाशात रेणूंतले बंध ठरावीक तरंगलांबीला थरथरतात आणि तेवढा प्रकाश गिळतात. तिथे वर्णपटात खाच पडते; कार्बन-हायड्रोजन बंधाची खाच 3.4 मायक्रॉनच्या आसपास असते. आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने ती दिसली तेव्हा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी वाळवलेल्या जिवाणूंच्या वर्णपटाशी ती जुळवली आणि अंतराळातली धूळच जिवाणूंची आहे, असे मांडले. जुळणी खोटी नव्हती. पण लातूरच्या आडतीवर येणाऱ्या सोयाबीनच्या तेलाचा थेंब तपासा की रॉकेलचा, खाच तिथेच पडते. न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणजे नैयायिक, याला अनैकांतिक हेतू म्हणतील. जो हेतू साध्य नसतानाही सापडतो, त्याच्यावरून अनुमान उभे राहत नाही. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी तर हा प्रश्न गंभीरपणे घेतला होता, असा आक्षेप येईल. घेतला होता, म्हणूनच 2001 मध्ये जिवाणूंच्या शोधात हैदराबादहून बलून सोडून 41 किलोमीटरवरची हवा गोळा करण्याच्या प्रयोगात ते होते. वर्णपटावर भागले असते तर हा खटाटोप कशाला? बेन्नू लघुग्रहावरही तिथे गेलेल्या यानाला हीच खूण दिसली होती. 2023 मध्ये तिथली माती हाती आली. तिच्यात प्रथिनांच्या 20 अमिनो आम्लांपैकी 14 निघाली, पण त्यांची आरशातल्या प्रतिबिंबांसारखी डावी-उजवी रूपे जवळजवळ समसमान. पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी डावीच वापरतात. माल हजर होता, कोणा जीवाने तो घडवल्याची निशाणी नव्हती.

आता दासोपंतांकडे. वेदान्तात पंचीकरण शिकवतात ते देह भूतांचा आहे, दृश्य आहे, आणि ‘मी’ त्याहून वेगळा आहे हे पटवायला. त्या मांडणीत आकाशातला रेणूही दृश्यातच जमा. असे कोट्यवधी सापडले तरी द्रष्ट्याबद्दल, म्हणजे त्या ‘मी’बद्दल, काही सिद्ध होत नाही. देह आणि जग एकाच मालाचे, एवढे विधान टिकते. अष्टमांशांचे गणित टिकत नाही, आणि ते टिकवण्याची धडपड मला केविलवाणी वाटते. नास्तिकांनीही हुरळून जाऊ नये. मद्याच्या घटकांत नसलेली नशा मिश्रणात येते, तसे चैतन्य भूतांतून येते, हा चार्वाकांचा दाखला; बेन्नूवर मात्र घटक अब्जावधी वर्षे एकत्र पडून आहेत आणि नशा चढल्याचे दिसत नाही. पाणी कमी पडले असेल, ऊब कमी पडली असेल, असे ते म्हणतील. उत्तर वाजवी आहे आणि प्रयोगशाळेत तपासताही येते. आत्म्याबद्दलच्या विधानाला ती सोय नाही. वेदान्त्यांनी ती मागितलेलीही नाही.