जायफळ आणि जमीन

सावकाश बसा. एक जायफळ मधोमध कापून तळहातावर घ्या. फिक्या गरातून तपकिरी शिरा कशा वळत गेल्यात, ते बघा. श्रीखंडात किसताना तिकडे लक्ष जात नाही. वास घ्या, आणि श्वास हळूच सोडा.

आता गुजरातेतल्या बारडोलीहून मनानंच निघा. तीसेक किलोमीटरवर सुरत, तिथून तापीच्या मुखातून समुद्रात. लंकेला वळसा, मलाक्काची सामुद्रधुनी, जावा, आणि पुढे सुलावेसी व न्यू गिनी यांच्यामध्ये विखुरलेली मालुकू बेटं. आज तिथे इंडोनेशियाचे दोन प्रांत आहेत: १९९९ साली मालुकूतून उत्तर मालुकू वेगळा झाला. उत्तरेची तेर्नाते-तिदोरे लवंगेची, दक्षिणेची बांदा बेटं जायफळाची. शेकडो वर्षं जगभरचं जायफळ या चिमुकल्या बेटांवरूनच जाई.

बांदातल्या जायफळाच्या झाडाखाली क्षणभर थांबा. पिवळं फळ तडकलंय. आत काळसर कवच, त्याला बिलगलेली लालभडक जायपत्री. झाडांवर कनारीच्या उंच वृक्षांची सावली, पलीकडे ज्वालामुखी. इथे धान्य जेमतेम पिकतं. म्हणून बांदाची माणसं जायफळ देऊन साबुदाणा, तांदूळ आणि कापड घेत.

‘कापड’ या शब्दापाशी रेंगाळा. ते बरंचसं गुजरातचं असे. १६१६ साली डचांनी सुरतेत वखार काढली, त्यामागे हाही हिशेब होता: इथलं कापड तिकडे न्यायचं, तिकडचा मसाला घ्यायचा, आणि त्यातला काही पुन्हा इथेच विकायचा.

आता मन घट्ट करा. सगळं जायफळ आम्हालाच विका, असं डच कंपनीचं म्हणणं. बांदाचे लोक इतरांनाही विकत राहिले. १६२१ साली कंपनीचा यान पीटरझून कून फौज घेऊन उतरला. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले हजारभरच तिथे उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. बागांचे तुकडे पाडून ते डच मळेवाल्यांना दिले, राबायला गुलाम आणले. श्वासाकडे लक्ष द्या. घाईनं पुढे जाऊ नका.

मग बारडोलीला परत या, पण १९२८ सालच्या. मुंबई सरकारनं शेतसारा बावीस टक्के वाढवलाय. शेतकरी भरत नाहीत. जप्तीवाले येतील म्हणून माणसं म्हशींसकट दारं लावून आत बसलीत. जमिनी खालसा होताहेत, तरी वल्लभभाई पटेलांच्या शब्दावर गावं टिकून आहेत. अखेर चौकशी झाली, वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली, जमिनी परत मिळाल्या.

दोन्ही गोष्टी मनात शेजारी ठेवा. तराजूत घालू नका. जमीन कसायची आपण आणि शर्ती घालायच्या परक्यानं, हे इथल्या लोकांनी सोसलं आणि मोडूनही काढलं. पण बांदाचा गळा आवळणाऱ्या व्यापारात याच मुलखाचं कापड होतं. विणकराला ते कुठून ठाऊक असणार? आपल्याला मात्र ठाऊक आहे.

शेवटी आजच्या उसाकडे वळा. इथला साखर कारखाना सहकारी आहे, शेतकरीच त्याचे सभासद. भावावरून सभेत वाद होतात, आवाज चढतात. पुढच्या वेळी ते कानावर आलं की कटकट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या पिकाच्या भावावर भांडायला मिळणं, एवढंच तर बांदाच्या माणसांना हवं होतं.