जीर्णोद्धार : शब्द आणि साधना

देवदर्शनास आलेल्या भाविकाच्या दृष्टीस ‘जीर्णोद्धार’ हा शब्द वारंवार पडतो. देणगीच्या पावतीवर तो छापलेला असतो आणि सभामंडपातील संगमरवरी पाटीवर कोरलेला असतो. परंतु त्याचा अर्थ पुष्कळदा रंगरंगोटी, नवी फरशी, उंच कळस एवढ्यापुरताच घेतला जातो. वस्तुतः त्या कामास ‘नूतनीकरण’ म्हणावे. आणि बाह्य रूप संपूर्ण बदलले, तर ‘कायापालट’ म्हणावे. जीर्णोद्धार याहून वेगळा आहे.

जीर्ण म्हणजे काळाने झिजलेले. उद्धार म्हणजे वर काढणे. ‘उद्’ या उपसर्गाचा अर्थच ‘वर’ असा आहे. पुनरुत्थान आणि पुनरुज्जीवन या शब्दांतही तोच उपसर्ग आहे. जुने टाकून नवे आणणे हा यांपैकी एकाही शब्दाचा भाव नाही. जे खाली गेले त्यालाच हात देऊन वर घेणे, हा भाव आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराच्या विधीचे स्वतंत्र विवेचन आहे, यावरून आपल्या परंपरेने या कर्माला दिलेले महत्त्व ध्यानी येते.

या जिल्ह्याला तर हा शब्द वारशानेच लाभला आहे. १७२५ साली चौंडी येथे जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी काशी विश्वेश्वरापासून अनेक देवस्थानांचे पुनर्निर्माण केले. त्यांचेच नाव २०२४ मध्ये या जिल्ह्यास मिळाले. त्यांनी मंदिरांबरोबर घाट, विहिरी आणि धर्मशाळाही बांधल्या. देवाची सेवा आणि तहानलेल्याची सेवा त्यांनी वेगळी मानली नाही.

हाच अर्थ पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे प्रत्यक्षात उतरला. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा दुष्काळ, दारिद्र्य आणि दारू यांनी गाव खचले होते. संत यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा दारूच्या भट्ट्यांमध्ये जळणासाठी गेली होती. अण्णांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम मंदिराच्या जीर्णोद्धारास लावली. ते पाहून ग्रामस्थही पुढे आले. कोणी साहित्य दिले, कोणी श्रम दिले. मंदिर उभे राहिले आणि गावाला एकत्र बसण्याची जागा मिळाली. तेथेच भट्ट्या बंद करण्याचा निर्धार झाला. देवासमोर झालेला निर्धार मोडणे कोणालाही सोपे नव्हते.

त्यानंतर जीर्णोद्धार मंदिराबाहेर पडला. गावाच्या पाझर तलावात पाणी टिकत नव्हते. त्याची दुरुस्ती श्रमदानाने झाली. डोंगरउतारावर चर खोदले गेले, नाल्यांवर बांध पडले, झाडे लागली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली. वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत पाणी मुरले आणि विहिरींची पातळी वर आली. संस्कृतात ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थ पाणी असाही आहे. ‘पुनरुज्जीवन’ म्हणजे जीवन पुन्हा वर येणे, हा अर्थ राळेगणच्या विहिरींनी डोळ्यांना दाखविला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी आले म्हणून ते वाटेल तसे उपसण्याची मुभा गावाने घेतली नाही. भरमसाट पाणी पिणाऱ्या उसासारख्या पिकावर बंधन घातले. संयम नसेल, तर वर आलेले पाणी पुन्हा खाली जाते. डागडुजी नसेल, तर बांध फुटतो. निर्धार सैल झाला, तर व्यसन परतते. काळ झिजविण्याचे काम थांबवीत नाही, म्हणून जीर्णोद्धारही एकदा करून संपत नाही. प्रत्येक पिढीला तो आपल्या हातांनी करावा लागतो.

भाविकांनी दिलेल्या दानातून शिखर उभे राहते, हे पुण्यकर्म आहेच. तथापि दर्शन घेऊन परतताना प्रत्येकाने आपल्या गावातील बुजलेली विहीर, ओसाड माळ, मोडलेले शेजारधर्माचे नाते यांकडेही एकवार पाहावे. जे खचले आहे त्याला हात देण्याची बुद्धी सर्वांना लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.