चार भांड्यांचं परिमाण

घरात भांडी कमी असणं आणि भांड्यांचा मोह कमी असणं, या दोन गोष्टी आपण फार सहज एक करून टाकतो. श्रीमंताच्या घरचं मोकळं स्वयंपाकघर पाहिलं की त्याला साधेपणा म्हणतो. गरिबाचं मोकळं दिसलं की आधी कौतुक करतो, मग पाठ वळल्यावर कीव करतो.

पर्युषणात नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य येतं. त्या दिवशी परिग्रहावर प्रवचन होतं, आणि ऐकणाऱ्या बायकांचं निम्मं मन चुलीपाशी असतं, कारण दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची असतात. आमच्या संतपुरात त्या दिवशी एका बाईने विचारलं, "माझ्याकडं भांडीच चार. मी परिमाण करायचं ते कशाचं?" बायका हसल्या. मला वाटतं, हसण्याऐवजी उत्तर द्यायला हवं होतं.

संतपूर हे बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातलं गाव. इथली जुनी माळवदाची घरं अंधारी, पण ऐसपैस. कोनाडे, फडताळं, कणगी, सगळ्याला जागा. भाड्याने राहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र पत्र्याचा आडोसा करून काढलेला कोपरा येतो. या बाईचा कोपरा सहा बाय आठ फुटांचा. त्यात शेगडी, एक मांडणी, पाण्याची घागर आणि जमिनीवर पिशव्या. घरात माणसं पाच.

तिच्या प्रश्नाचं शास्त्रातलं उत्तर सोपं आहे. परिग्रह-परिमाण म्हणजे आहे ते टाकून देणं नव्हे. श्रावक आपली हद्द स्वतः आखतो आणि त्यापलीकडची इच्छा सोडतो. चार भांडी असलेली बाई 'मला अठरा पुरेत' असं व्रत घेऊ शकते. उरलेली चौदा उद्या आली तर व्रत मोडत नाही. ते एकोणिसाव्याला मोडतं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जनावराला फार लांब हाकणं, गरजेबाहेर साठवणं, विस्मय, लोभ, आणि जनावरावर फार ओझं लादणं. यातला विस्मय मला फार नेमका वाटतो. दुसऱ्याचं वैभव पाहून डोळे विस्फारणं! आज तो मोबाईलमधून येतो. काचेच्या एकसारख्या चाळीस बरण्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्यापुढे उभी राहून एक बाई आपल्याला कमी वस्तूंत राहायला शिकवते. पत्र्याचे रिकामे डबे धुऊन वापरणाऱ्या बाईला ते पाहून आपलं घर ओंगळ वाटू लागतं. हातात काही आलेलं नसतं, पण परिग्रह वाढलेला असतो.

तत्त्वार्थसूत्रात तर मूर्च्छेलाच, म्हणजे आसक्तीलाच परिग्रह म्हटलं आहे. हे खरंच आहे. पण हेच वाक्य पैसेवाल्याच्या तोंडी आलं की मी जरा सावध होते. 'आमच्याकडे सगळं आहे हो, पण आमचं मन त्यात नाही,' असं म्हणणं फार सोपं असतं. मन कुणी पाहिलंय? डबे मोजता येतात. म्हणून श्रावकाला आकड्याचं व्रत दिलं असावं, असा माझा आपला समज आहे.

आता पैशाची बाजू. ज्याच्याकडे जागा नाही त्याला सगळं महाग पडतं. तुरीचा आमचा हा मुलूख. शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सुगीत तूर स्वस्त असते तेव्हा जागा असलेली घरं वर्षाची भरून घेतात, आणि पावसाळ्यात तीच डाळ ही बाई पाव-पाव किलोने चढ्या भावात आणते. तिचं थोडं साठवणं हे व्रत नाही, ती तिची अडचण आहे. त्याला अपरिग्रह म्हणून गौरवू नये. उलट भरून ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी. वर्षाचं धान्य म्हटलं की टोके, अळ्या, जाळी. मग पाऱ्याच्या गोळ्या टाका, नाहीतर कीड लागलेलं धान्य उन्हात पसरा. आपल्याकडे जाणत्या बायका आधी सावलीत निवडतात, जीव निघून जाऊ देतात, मगच ऊन दाखवतात. पण पोतंभर धान्य असं निवडायला सवड कुणाला? जास्त साठवण आणि हिंसा यांची गाठ इथे चुलीजवळच पडते.

या दोन्हींतून वाट निघते. आमच्याकडे चार-पाच घरांनी मिळून सुगीत तूर घेतली, डाळ करून आणली आणि वाटून घेतली. कुणाच्याच घरी दोन महिन्यांपेक्षा जास्तीची ठेवली नाही. बाकीची एका मोठ्या घराच्या कोठीत, एरंडेल चोळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. भाव सुगीचा मिळाला आणि लहान कोपरा लहानच राहिला.

तो कोपराही नीट लागला. गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात, त्यातून बाजूला काढून तिने पहिला खर्च केला तो दिव्याचा. मला ते फार पटलं. मुनींना आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी पाहायचं. अंधारात काय पाहणार? उजेड आल्यावर मुंग्यांची वाट दिसली, पिशव्या विटांवर चढल्या, मग फळ्या ठोकल्या गेल्या, झाकणं आली. पाणी शेगडीपासून लांब गेलं, त्याच्यावर गाळणं वाळत घालायला दोरी आली. रेशनचा तांदूळ आम्हा भाकरी खाणाऱ्यांच्या घरात हमखास मागे उरतो आणि त्यातच आधी कीड होते, म्हणून त्याचा डबा अगदी समोर, रोज नजरेखाली. डब्यांवर चिठ्ठ्याही आहेत. तिची जाऊ कन्नड मुलखातली, ती डाळीला बेळे म्हणते, म्हणून चिठ्ठीवर दोन्ही नावं.

हे काही जगावेगळं नाही. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराने १९२६ च्या सुमारास सामान्य माणसांसाठी घरं बांधली, तेव्हा मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईने त्यांची स्वयंपाकघरं आखली. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. म्हणजे आमच्या बाईच्या कोपऱ्याच्या जेमतेम दीडपट. आगगाडीच्या भोजनडब्यात एवढ्याशा जागेत एवढी माणसं कशी जेवू घालतात, हे तिने नमुन्याला घेतलं. पिठासाठी ओकच्या लाकडाचे खण केले, कारण त्या लाकडाने अळ्या लांब राहतात. कीड मारायची नाही, होऊच द्यायची नाही. हे वाचलं तेव्हा मला ती बाई आपल्यातलीच वाटली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. पण एक तक्रारही झाली, की तिथे एकाच माणसाला उभं राहता येतं. पावलं वाचली, पण हाताखाली दुसरं कुणी येऊ शकेना.

इथे मला समंतभद्रांचा शेवटचा अतिचार आठवतो, अतिभाराचा. घरातले बैल गेले. ओझं गेलं का? मर्यादेच्या पिठाचंच घ्या. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. नियम उत्तम आहे, आणि लहान स्वयंपाकघराला तर सोयीचाच, कारण पिठाला मोठा डबा लागत नाही. पण मग ऐन पावसात दर तिसऱ्या दिवशी गिरणीची खेप. वीज नसली की दोन. नियम बहुतेक वेळा घरातला कर्ता घेतो आणि पाळते त्याची बायको किंवा सून. घराचं परिमाण कमी झालं आणि बाईचं ओझं वाढलं, तर हिशेब नुसता एका पारड्यातून दुसऱ्यात गेला. ज्याने हद्द आखली त्यानेच ती चालून दाखवावी, एवढं तरी मागायला हरकत नसावी.

आमच्या ओळखीत एका सासऱ्यांनी हा पिठाचा नियम घेतला होता. दोन पावसाळे सुनेने डबा वाहिला. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "मामा, नियम तुम्ही घेतलाय, तर दळण पण तुम्हीच आणत जा." घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. मग एका सकाळी त्यांनी सायकलला डबा अडकवला. महिन्याभरात त्यांनी स्वतःहून सांगितलं, रात्रीची सोडलीच आहे, आता सकाळच्या जेवणातही तीनऐवजी दोनच भाकरी करत जा.