शेजाऱ्याची गरज विकता येते काय?

संडे स्कूलच्या शिक्षकांच्या एका वर्गात योसेफाच्या गोष्टीचे पाठ वाटून देण्याचे काम चालले होते. एका शिक्षिकाबाईंनी अडचण पुढे केली. त्या म्हणाल्या, "झगा, स्वप्ने, तुरुंग, येथपर्यंत सगळे ठीक चालते. पण उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायाशी आले की मुले विचारतात, योसेफाने उपाशी लोकांना धान्य विकत का दिले? फुकट का दिले नाही? मी काय सांगू?" आम्ही त्या दिवशी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा आपले उत्तर फार तोकडे होते हे कळून चुकले.

कारण तो अध्याय खरोखरच कठीण आहे. आधी लोकांचा पैसा संपला, मग गुरेढोरे गेली, मग जमिनी, आणि शेवटी लोक स्वतःच फारोचे दास झाले. योसेफाने भाव वाढवला असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. उलट त्याने पेरणीसाठी बी दिले, आणि पिकाचा पाचवा हिस्साच मागितला. आपण माणसांना वाचवले अशी त्याची भावना होती, आणि लोकांनीही तसेच म्हटले. तरीही दुष्काळ संपला तेव्हा सारी भूमी एका धन्याची झाली होती, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. आपल्याच नजरेतून ते का सुटावे?

सुरतेत राहणाऱ्या आम्हां लोकांना हा प्रश्न मिसर देशापुरता वाटत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. वेड रोडकडची बातमी दोन दिवसांत सगळ्या शहरभर झाली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाले. कित्येक खासगी डॉक्टर दवाखान्यांना कुलूप लावून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या, आणि ज्यांच्याजवळ होत्या त्यांतले काही जण मागच्या दाराने तोंडाला येईल तो भाव सांगू लागले. पुढे ऑगस्ट २००६ चा पूर. उकाई धरणातून लाखो क्युसेक पाणी तापीत सुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. वीज नाही, प्यायला पाणी नाही, आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला दुधाची पिशवी म्हणजे सोने. त्यानंतर कोरोनाची साथ. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरच्या एका इंजेक्शनसाठी लोकांनी दागिने मोडले. त्याच सुमारास आपल्या सुरत जिल्ह्यातल्या ओलपाड तालुक्यात एका फार्महाऊसवर मीठ आणि ग्लुकोज भरून बनावट इंजेक्शने तयार होत असल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले. ह्या शेवटच्या प्रकाराबद्दल येथे अधिक लिहीत नाही. ती फसवणूक होती, आणि फसवणूक पाप आहे हे सांगायला निबंध लागत नाही.

कठीण प्रश्न दुसरा आहे. माल खरा आहे, वजन पुरे आहे, कोणी खोटे बोललेले नाही. फक्त भाव तिप्पट आहे. घेणारा आपल्या खुशीने घेतो, किंवा निदान तसे दिसते. ह्यात पाप कोठे आहे?

व्यापाराची बाजू आपण नीट ऐकून घेतली पाहिजे. व्यासपीठावरून व्यापाऱ्याला झोडपणे सोपे असते, आणि तसे करणाऱ्याला त्या दिवशी घरी जाऊन भाजी विकत घ्यावीच लागते. नीतिसूत्रे ११:२६ मध्ये धान्य अडवून धरणाऱ्यावर लोकांचा शाप सांगितला आहे. पण आशीर्वाद कोणाला सांगितला आहे? फुकट वाटणाऱ्याला नव्हे, तर विकणाऱ्याला. टंचाईच्या काळात आपले दुकान उघडे ठेवणारा, जोखीम पत्करून माल आणणारा मनुष्य समाजाची सेवाच करतो. पुरात दूध आणणाऱ्या होडीवाल्याने जास्त पैसे घेतले तर ते दुधाच्या भावात येणारच. शिवाय भाव चढला की दूरच्या गावचा व्यापारी इकडे माल पाठवायला धजतो. आणि भाव अगदी पूर्वीचाच ठेवला, तर पहिले चार जण पोतेच्या पोते उचलून नेतात आणि पाचव्याच्या हाती रिकामे फडताळ येते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे.

मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्ये व्यापार आणि व्याजखोरी ह्या विषयावर एक पुस्तिका लिहिली. व्यापाऱ्याने आपला खर्च, कष्ट, वेळ आणि धोका हिशेबात धरावा हे त्याला मान्य होते. ज्याने माल विकून पोट भरायचे त्याला नफा नको असे तो म्हणत नाही. पण माझा माल मी मला मिळेल तितक्या महाग विकीन, हे व्यापाऱ्यांचे ब्रीद त्याला मुळीच मान्य नव्हते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, असा मनुष्य मालाची किंमत पाहत नाही, शेजाऱ्याची अडचण पाहतो, आणि मालाबरोबर ती अडचणही विकतो. त्याच्या अडीचशे वर्षे आधी थॉमस अक्विनासनेही हेच दुसऱ्या रीतीने मांडले होते. घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्यासाठी किंमत वाढवू नये, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही.

आम्हांला वाटते, सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. मेणबत्तीचा पुडा दुकानदाराचा आहे. तो आणायला लागलेला खर्च त्याचा आहे. पण अंधारात तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसलेल्या आईची भीती त्याची नाही. ती भीती त्याने तयार केली नाही, साठवली नाही, गोदामात ठेवली नाही. तिची किंमत तो कोणत्या हक्काने घेतो?

येथे शास्त्रातली एक घटना मनात येते. २ राजे ह्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात शोमरोनाला वेढा पडला आहे आणि गाढवाचे मुंडके ऐंशी शेकेल रुप्याला विकले जात आहे. पुढच्या अध्यायात वेशीबाहेरचे चार कुष्ठरोगी अरामी सैन्याच्या छावणीत जातात, तर छावणी ओस पडलेली आणि अन्न भरपूर. ते पोटभर खातात, रुपे आणि वस्त्रे लपवून ठेवतात, मग एकमेकांस म्हणतात की आपण करतो हे बरे नाही. ते जाऊन नगरात बातमी देतात, आणि दुसऱ्याच दिवशी सपिटाचे एक माप एका शेकेलावर येते. आता ह्याच्या शेजारी सिसेरोने चर्चिलेले एक उदाहरण ठेवा. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, ऱ्होड्सच्या लोकांना नाही. त्याने सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरोच्या मते सांगावे. अक्विनास म्हणतो की न्यायाने तो बांधलेला नाही, पण सांगितले तर सद्गुण मोठा. तो मोठा सद्गुण वेशीबाहेर टाकलेल्या चार रोगी माणसांनी करून दाखवला. ज्या नगराने त्यांना आत घेतले नव्हते, त्याच नगराचा भाव त्यांनी खाली आणला.

कायदा काय करतो? आपल्या देशात जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ चा आहे. मार्च २०२० मध्ये सरकारने मास्क आणि सॅनिटायझर त्यात घातले आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरच्या बाटलीला १०० रुपये, तीन पदरी मास्कला १० रुपये अशी कमाल मर्यादा काही महिन्यांपुरती ठरवून दिली. हे योग्यच झाले. तरी कायदा छापील किंमत पाहू शकतो, मन पाहू शकत नाही. आणि पुष्कळ वेळा तो पोहोचतो तेव्हा पूर ओसरलेला असतो.

आता घेणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण ह्या मासिकाच्या वाचकांत दुकानदार थोडे आणि गिऱ्हाइके फार. १९९४ मध्ये आमच्या वडिलांनी कोठून तरी टेट्रासायक्लिनच्या पुष्कळ पट्ट्या मिळवल्या होत्या. आम्ही ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबारला नातेवाइकांकडे गेलो, तेव्हा त्या आईच्या पिशवीत होत्या. आमच्यापैकी कोणीही आजारी पडले नाही. महिन्याभराने परत आलो तेव्हाही त्यांतल्या बहुतेक तशाच होत्या, आणि पुढे कपाटात पडून त्यांची मुदत संपली. वडील देवभीरू मनुष्य होते, त्यांनी कोणाला फसवले नाही, एक पैसाही कमावला नाही. पण त्या पट्ट्या त्या आठवड्यात दुकानात असत्या तर कोणाच्या उपयोगी पडल्या असत्या, हा विचार आम्हांला आजही सोडत नाही. चढा भाव घेणारा एकटा तो भाव चढवत नाही.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. २००६ च्या पुरात आमच्या ओळखीच्या एका विश्वासू बंधूंचे किराणा दुकान होते. तळमजल्यातला आटा, साखर, डाळ सारी भिजून गेली. वर नेलेला थोडा माल वाचला. तो माल, त्यात मेणबत्त्या, दुधाची पावडर, बिस्किटे, त्यांनी दुप्पट-तिप्पट भावाने विकला. घेणाऱ्यांत मंडळीतलीही काही घरे होती. पाणी ओसरल्यावर पहिल्या उपासनेला त्यांनी उपकारस्तुतीचे पाकीट आणले. आम्ही त्या वेळी खजिनदारांच्या हाताखाली काम करीत होतो. ती पावती आम्हीच फाडली, आणि रक्कम पाहून आनंदही झाला, हे कबूल करतो.

कुजबूज पाळकसाहेबांच्या कानी गेली. ते त्यांच्या घरी गेले, बरोबर आम्हांलाही नेले. दुकानदार बंधू रागावले नाहीत. म्हणाले, "पाळकसाहेब, खाली माझा सगळा माल गेला. तो तोटा मी कोठून भरून काढू? आणि जुन्या भावाने दिले असते तर पहिल्या चार जणांनीच सगळे नेले असते." पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. एवढेच विचारले, "वरच्या गल्लीत तुमची बहीण राहते. तिला कोणत्या भावाने दिले?" ते म्हणाले, "बहिणीकडून पैसे कसे घेऊ?"

योसेफाच्या गोष्टीत हेच आहे. मिसऱ्यांना धान्य विकत मिळाले. पण भावांच्या गोण्यांत त्याने त्यांचे रुपे परत घातले (उत्पत्ती ४२:२५), आणि ४७ व्या अध्यायाच्या १२ व्या वचनात बापाला, भावांना आणि त्यांच्या लेकरांना त्याने अन्न पुरवले, तेथे दामाचा उल्लेख नाही. ज्याला आपण आपला म्हणतो त्याची गरज विकायला मन धजत नाही. शिक्षिकाबाईंना आता आम्ही असे सांगू की, मुलांना ही दोन्ही वचने जवळजवळ ठेवून वाचून दाखवा आणि योसेफाला निर्दोष ठरवण्याची घाई करू नका.

त्या बंधूंच्या दोन सबबींपैकी दुसरीला उत्तर आहे. पहिल्या चौघांनी सगळे नेऊ नये म्हणून भाव वाढवण्याची गरज नाही, घरटी एक पुडा एवढे म्हटले तरी पुरते. भाव वाढवला तर रांगेतला पहिला माणूस जाऊन पैशाने पहिला असलेला माणूस येतो, एवढाच फरक. पण पहिल्या सबबीपुढे आम्ही थबकतो. त्यांचा तोटा खरा होता. तो त्यांच्याइतक्याच बुडालेल्या शेजाऱ्याने भरून द्यावा हे न्यायाचे नाही. मग कोणी भरून द्यावा? मंडळीने त्या वर्षी मदतीचे जे वाटप केले त्यात घरांची यादी होती, भांडी आणि अंथरुणे होती. दुकानदाराचे काय गेले हे कोणीही विचारले नाही, आम्हीही नाही. त्यांनी आपल्याला तिप्पट भाव लावला हे आपल्या लक्षात राहिले. त्यांची साखर पाण्यात विरघळली हे राहिले नाही.

जक्कयाने चौपट परत केले ते ज्यांच्याकडून अन्यायाने घेतले होते त्या लोकांना, मंदिराच्या भांडारात नव्हे (लूक १९:८). त्या पाकिटाचा विचार करताना हे वचन आम्हांला टोचते. रक्कम तेव्हाच खर्च झाली, छपराच्या दुरुस्तीला लागली.

तापीला मोठे पाणी येते ते बहुधा ऑगस्टात. म्हणून जे ठरवायचे ते जूनपूर्वी ठरले पाहिजे. आम्ही पंचांना लेखी कळवले आहे की, मंडळीतल्या दुकानदार बंधुभगिनींना एकदा बोलावून घ्यावे, संकटात घरटी किती माल द्यावा हे त्यांनाच ठरवू द्यावे, माल आणण्याचा जादा खर्च मदत निधीतून द्यावा, आणि ज्याचे दुकान बुडेल त्याचे नाव घरांच्या यादीतच घालावे. पंचसभेत ह्यावर अजून चर्चा व्हायची आहे. निधीत तेवढी रक्कम नाही असे खजिनदारांचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे.