आजचं चिंतन : गीता 6.35 आणि माझी पेटी



पेटी शिकतोय, चार महिने झाले, अजून अलंकारच चाललेत. काल ऑफिसचा कॉल लांबला. नंतर दहा मिनिटं वाजवलं, पण अगदी कोरडं. भाव नसताना वाजवणं म्हणजे देवाला फसवणंच ना?

अर्जुनाचीही तक्रार हीच, मन वाऱ्यासारखं आवरत नाही. भगवंत ते मान्य करतात आणि उपाय सांगतात अभ्यास, सोबत वैराग्य. वैराग्य म्हणजे घरदार सोडणं, असं मला वाटायचं. पेटीपुढे अर्थ लागला तो वेगळाच : आज कसं वाजलं, याचा हिशेब सोडणं. (स्ट्रीक मोजणारं अ‍ॅप रात्रीच उडवलं.) भाव येईल तेव्हा बोटं तरी तयार हवीत!

आज पहाटे पुन्हा तेच अलंकार. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर कळवण मार्केटला निघाले होते.