दोन घरांचे ऋण

मनुष्य कोणाचा? जेथे जन्मला तेथला, असे एक उत्तर आहे. ज्यांच्या पोटी जन्मला त्यांचा, असे दुसरे. बहुतेकांच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे एकच येतात, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. परंतु ज्यांचे वाडवडील आपला मुलूख सोडून दुसरीकडे जाऊन राहिले, त्यांना तो जन्मभर पुरतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या मंडळ्यांत तर तो घरोघरी आहे. या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका फुटबॉल खेळाडूच्या चरित्रावरून करणार आहोत. हा खेळाडू ख्रिस्ती नाही आणि भारतीयही नाही. तरी त्याची गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही.

झेश रेहमान यांचा जन्म १९८३ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, पाकिस्तानी वंशाच्या मुसलमान कुटुंबात झाला. लंडनच्या फुलहॅम क्लबात ते बचावफळीतील खेळाडू म्हणून तयार झाले आणि २००४ साली प्रीमियर लीग या इंग्लंडातील सर्वांत वरच्या स्पर्धेत उतरले. त्या काळी आशियाई घरातील मुलगा तेथे दिसणे ही अपूर्वाईच होती. त्याआधी इंग्लंडच्या वयोगटांच्या संघांतूनही ते खेळले होते. असे असता २००५ साली त्यांनी पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघाचा गणवेश अंगावर घातला आणि पुढे त्या संघाचे कर्णधारपदही भूषविले.

या दोन संघांत किती अंतर आहे हे ध्यानात घ्यावे. इंग्लंडने १९६६ साली विश्वचषक जिंकलेला. उलट पाकिस्तानात सारे प्रेम क्रिकेटवर; फुटबॉलचा संघ जगाच्या क्रमवारीत अगदी तळाशी. ऑक्टोबर २००७ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इराकने लाहोरला येऊन पाकिस्तानवर सात गोल केले. थोड्याच दिवसांनी परतीचा सामना झाला, तेव्हा त्याच इराकला, जो त्या वर्षीचा आशियाई विजेता होता, पाकिस्तानने एकही गोल करू दिला नाही. अशा संघाकडून खेळणाऱ्याच्या वाट्याला एवढेच यश यायचे.

यावर कोणी म्हणेल, यात त्याग तो कसला? इंग्लंडच्या मुख्य संघाचे बोलावणे आलेच नव्हते. मग दुसरे दार उघडे होते त्यातून ते आत गेले. हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. मनुष्याच्या हेतूंत गहू आणि निदण एकाच शेतात वाढतात, आणि त्यांची निवड करण्याचे काम आपल्याकडे सोपविलेले नाही. आपल्याला दिसते ते एवढेच, की दार कसेही उघडले असो, आत गेल्यावर तेथल्या हरण्यातही त्यांनी वाटा उचलला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या देशाने वाढविले, शिकविले, त्याला सोडून दुसऱ्याकडून खेळणे ही कृतघ्नता नव्हे काय? १९९० साली नॉर्मन टेबिट या ब्रिटिश पुढाऱ्याने असाच एक निकष सांगितला होता. बाहेरून येऊन राहिलेली माणसे क्रिकेटच्या सामन्यात कोणाच्या बाजूने ओरडतात, त्यावरून त्यांची निष्ठा ओळखावी, असे त्याचे म्हणणे. या निकषाने कोणाचा घसा कोरडा पडतो एवढे कळेल. कोणी कोणासाठी काय केले ते कळणार नाही. रेहमान यांनी पाकिस्तानकडून खेळत असतानाही इंग्लंडातील क्लबांची नोकरी इमानाने केली. २०१० साली त्यांनी आपल्या नावाने एक संस्था काढली, ती ब्रिटनमधील आशियाई मुलांना खेळाकडे वळविण्यासाठी. म्हणजे जन्मभूमीचे ऋणही ते विसरले नाहीत.

पवित्र शास्त्रात नहेम्या आठवावा. तो परक्या राजाचा प्यालेबरदार. शूशन राजवाड्यात त्याला काही उणे नव्हते. तरी ज्या नगराचा तट पडून वेशी जळाल्या होत्या, त्यासाठी तो रडला, उपास केला आणि रजा काढून बांधकामास गेला. काम झाल्यावर तो पुन्हा राजाच्या सेवेस हजर झाला, हेही त्याच पुस्तकात लिहिले आहे. त्याने कोणालाच फसविले नाही. तसेच यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना कळविले, की ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. यरुशलेमेला विसरा, असे मात्र त्याने कोठेही म्हटले नाही.

येथे काही भाविक म्हणतात, आमचे नागरिकत्व स्वर्गात आहे. आम्हांला या भांडणाशी काय? पौलाचे हे वचन फिलिप्पैकरांना लिहिलेले आहे, हे विसरू नये. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. रोमपासून दूर राहूनही रोमच्या रीतीने वागायचे, हे तेथील लोकांना ठाऊक होते. म्हणून स्वर्गाचा नागरिक म्हणजे पृथ्वीच्या देण्यातून सुटलेला माणूस नव्हे. देणी कशी फेडायची ते जो वरून शिकतो, तो स्वर्गाचा नागरिक. पौल स्वतः तार्सस नगराचे नाव अभिमानाने घेई, रोमी हक्क सांगे, आणि आपल्या इस्राएल बांधवांसाठी त्याचे अंतःकरण तुटे.

आता आपल्या रविवारच्या शाळेकडे या. एखादा मुलगा मराठी अडखळत वाचतो. कानडी, हिंदी किंवा गुजराती शास्त्र त्याला सोपे जाते. आपण हसतो, ‘तू कसला मराठी?’ म्हणतो. बाहेर त्याचे शेजारी विचारतात, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ दोन्हीकडून परका ठरलेला हा मुलगा एक दिवस येईनासा होतो, आणि पिढी हातची गेली म्हणून आपण हळहळतो. त्याला टेबिटची परीक्षा आपणच घेतली, हे कोणी बोलत नाही. शिक्षकांना आमची विनंती आहे, की त्याला ‘तू कोणाचा?’ असे विचारू नका. या मंडळीसाठी तू काय करशील, आणि ज्या गावचे पाणी पितोस त्यासाठी काय करशील, हे दोन प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. मराठी गीत त्याला प्रेमाने शिकवा. शेजारच्या आजाऱ्याला त्याच्या भाषेत शास्त्र वाचून दाखविण्यासही त्यालाच पाठवा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्लामाबादेत पाकिस्तानने कंबोडियाला एक गोलाने हरविले. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यातील त्या देशाचा हा पहिलाच विजय. गोल करणारा हारून हमीद इंग्लंडातच वाढलेला, आणि संघात परदेशी वाढलेले आणखीही खेळाडू होते. रेहमान यांच्या वाट्याला तो दिवस आला नाही. पेरणारा एक, कापणारा दुसरा, हे प्रभूने शोमरोनच्या विहिरीजवळ शिष्यांना सांगितलेच आहे. आपल्या मुलांचे पीक कोण कापील ते देव जाणे. पेरणी मात्र आपल्या हातची आहे, आणि ती दोन्ही शेतांत व्हावी.